तळ्याकाठी डिस्क फेकली की ती डावीकडेच का जाते?

डिस्क गोल्फ ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चेंडू आणि काठीऐवजी हातात प्लॅस्टिकची डिस्क, खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली बास्केट, आणि कमीत कमी थ्रोमध्ये डिस्क त्यात टाकायची. एड हेड्रिक यांनी 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स उभा केला. आता अमेरिकेत तळ्याकाठच्या पार्कमध्ये 9 बास्केटचे छोटे कोर्स खूप दिसतात, तुम्ही तिकडे राहत असाल तर वॉकला जाताना पाहिलेच असतील.

नवीन माणूस तळ्याजवळच्या बास्केटला हमखास अडकतो. उजव्या हाताने बॅकहँड मारतो, डिस्क मस्त सरळ निघते, जराशी उजवीकडेही झुकते आणि शेवटी वेग कमी झाला की डावीकडे वळून खाली येते. तळं डावीकडे असेल तर थेट पाण्यात! लोकांना वाटतं हात चुकला, पण बऱ्याचदा हात बरोबर असतो, हे वळण डिस्कच्या उडण्यातच आहे.

कसं ते बघा. असा थ्रो वरून पाहिला तर डिस्क घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गरगर फिरत असते, त्यामुळे तिला भोवऱ्यासारखी स्थिरता मिळते. आणि भोवऱ्याला ढकललं तर तो ढकललेल्या दिशेला न पडता काटकोनात कलतो, डिस्कचंही तेच. वेग जास्त असताना हवेची उचल मध्याच्या किंचित मागे लागते, म्हणजे पुढचं नाक खाली दाबलं जातं, पण फिरकीमुळे नाक खाली जायच्या ऐवजी डिस्क उजवीकडे कलते. मग वेग कमी होतो, डिस्क खाली येऊ लागते, हवा तिला खालच्या बाजूने जास्त तिरकी लागते आणि उचल मध्याच्या पुढे सरकते. आता नाक वर ढकललं जातं आणि डिस्क डावीकडे कलते. इंग्रजी एस अक्षरासारखा जो मार्ग दिसतो तो यातूनच येतो. मला तर या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. डावखुऱ्यांचं सगळं उलट.

म्हणून तळं उजवीकडे असेल तर अनुभवी खेळाडू डिस्कची डावी कड खाली ठेवून ती मुद्दाम पाण्यावरून फेकतात, ती वळून काठावर परत येते. बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो पण हिशोब पक्का असतो. साउथ कॅरोलिनातल्या रॉक हिलला विन्थ्रॉप विद्यापीठाच्या तळ्याकाठी 1999 पासून राष्ट्रीय स्पर्धा होते, तिथे मुरलेल्या खेळाडूंच्या डिस्कही पाण्यात जातात.

कारण वारा. तळ्यावर झाडं नसतात, वाऱ्याला अडवायला काहीच नाही. डिस्कला जमिनीवरचा वेग कळत नाही, तिला फक्त हवेतला वेग कळतो आणि उचल त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ताशी 80 किमीने मारलेली डिस्क समोरून येणाऱ्या 20 किमीच्या वाऱ्यात शिरली की तिच्यासाठी तो वेग 100 होतो, उचल दीडपटीहून जास्त, त्यामुळे ती जास्त उजवीकडे कलते. तोच वारा पाठीमागून असेल तर वेग 60 आणि उचल जेमतेम 56 टक्के, मग डिस्क लवकर डावीकडे वळून खाली येते. पाण्याजवळ जाण्याआधी गवताची चिमूट उडवून वारा बघतात तो याच्यासाठी.

आणि पाण्यात गेलीच तर? बहुतेक डिस्क बुडतात, कारण त्यांचं प्लॅस्टिक पाण्यापेक्षा जड असतं. तळं हद्दीबाहेर धरलेलं असेल तर वर एक थ्रो दंड. तरंगणाऱ्या डिस्कही मिळतात, शिकताना त्याच घ्या असं मी सांगेन, फक्त त्या हलक्या असल्यामुळे वारा त्यांना जास्त हलवतो, म्हणून वारा पडलेला असताना खेळा.