भोवरा पडला का?

रात्री बाराला थ्री फेज लाइन येणार होती आणि हरभऱ्याचं ओलित सुरू होतं. तोवर डोळा लागू नये म्हणून शेतातल्या झोपडीत माझ्या चुलतभावाने, म्हणजे भाऊंनी, आणि मी मोबाइलवर ‘इन्सेप्शन’ पाहिला. क्रिस्टोफर नोलनचा 2010 चा सिनेमा. लोकांच्या स्वप्नांत शिरणारा नायक कॉब शेवटी घरी पोचतो, टेबलावर भोवरा फिरवतो आणि मुलांकडे वळतो. भोवरा पडला तर जाग, फिरतच राहिला तर स्वप्न, असा हिशेब. भोवरा जरासा डगमगतो आणि पडदा काळा.

‘हे काय बाप्पा! पडला का नाही, ते त सांगा,’ भाऊ वैतागले.

डगमगणं आपल्या ओळखीचंच आहे. जाळी ओढून सोडलेला भोवरा आधी ताठ उभा असतो. आरीशी जमिनीचं आणि अंगाशी हवेचं घर्षण त्याचा वेग खात जातं. वेग उतरला की कललेला आस गोल घुमायला लागतो, आणि गंमत म्हणजे भोवरा जितका मंद, तितकं हे घुमणं जलद. मग तो आडवा. म्हणजे पडद्यावरचं डगमगणं पडण्याच्या बाजूचा पुरावा झाला.

पण किती कच्चा! भोवऱ्याचा तोल फक्त मालकाला ठाऊक, म्हणून दुसऱ्याने रचलेल्या स्वप्नात तो फसत नाही, हा सिनेमातला नियम. स्वतःच्याच स्वप्नात काय? ज्या मेंदूने जन्मभर भोवरे पडताना पाहिले, तो स्वप्नातही भोवरा खुशाल पाडू शकतो. त्यातून हा भोवरा मुळात कॉबच्या बायकोचा.

खरी अडचण भोवऱ्यात नाही, तपासणाऱ्यात आहे. ठळक स्वप्नं बहुतेक ‘रेम’ झोपेत पडतात. बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात, अशी ही झोप 1953 मध्ये अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी नोंदवली. त्या वेळी मेंदूतले भावनांचे भाग जोरात असतात, पण कपाळामागचा, ‘हे कसं शक्य आहे?’ असं विचारणारा भाग मंदावलेला असतो. म्हणून वारलेले आजोबा बैलबंडी हाकत आले तरी आपण मुकाट बसून घेतो.

काहींना मात्र स्वप्नातच कळतं की हे स्वप्न आहे. रेम झोपेत हातपाय लुळे असतात, डोळे नसतात. हे हेरून 1975 मध्ये इंग्लंडात कीथ हर्न यांनी एका झोपलेल्या माणसाकडून आधी ठरवलेली डावी-उजवी डोळ्यांची खूण मिळवली. अशाच खुणांनी पुढे स्वप्नातला वेळही मोजला गेला. आकडे मोजायला जागेपणी लागतो जवळपास तेवढाच वेळ स्वप्नातही लागतो. तेव्हा पाच मिनिटांच्या झोपेत तासाभराचं स्वप्न, हा सिनेमातला हिशेब काही जमत नाही.

त्याच रात्री दोनच्या सुमारास भाऊ धडपडत उठले. ‘पाइप बदलले न मी?’ त्यांना सगळं आठवत होतं: नोझलचा थंड फवारा, गार पडलेली बोटं. मी बॅटरी त्यांच्या पायांवर मारली. पाय कोरडे ठणठणीत. तुषारचे पाइप जागच्या जागी आणि तिथे पाण्याचं डबकं.

मार्शिया जॉन्सन आणि कॅरोल रे यांनी 1981 मध्ये याचीच उकल मांडली. आठवणीवर ‘घडलेलं’ किंवा ‘कल्पलेलं’ असा शिक्का नसतो, तो आपण नंतर अंदाजाने मारतो. रंग, स्पर्श, जागा यांचे तपशील भरपूर असले की घडलेलं वाटतं. कल्पना रचताना डोकं लावल्याची खूण आठवणीत राहते, तिच्यावरून ती पकडली जाते. स्वप्न आपसूक पडतं, तपशिलाने भरलेलं असतं आणि डोकं लावल्याची खूण त्यात फारशी नसते. म्हणून भाऊ फसले.

पाइप बदलून आम्ही परत आलो तेव्हा चार पाय पोटऱ्यांपर्यंत गाऱ्याने माखले होते. भाऊ ते खरडत बसले, मग मान वर न करता म्हणाले, ‘त्या कॉबच्या पायाले गारा होता का रे?’