पार्श्वभूमी : फ्रान्समधली चेरी आणि डायमेथोएटची बंदी

चेरीवर कोणते कीटकनाशक फवारू द्यायचे आणि बाहेरची चेरी अडवायची का, हा फ्रान्समधला आजचा वाद समजायला फार मागे जावे लागत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ल्योनजवळ सापडलेली, लवकर पिकणारी ‘बुर्ला’ ही जात पुढे देशभर लागली. दक्षिणेला व्होक्लूझ जिल्ह्यात, वाँतू पर्वताच्या उतारांवर, बागायतदारांच्या पिढ्या चेरीवर जगल्या. शेजारच्या ‘आप्त’ या गावात फळे साखरेत पाकवून टिकवण्याचा धंदा जुना, त्यासाठी ‘नेपोलियन’ ही फिक्या रंगाची चेरी लागते. घडी विस्कटली ती 2008 नंतर.

त्या वर्षी पूर्व आशियातली ठिपक्याच्या पंखांची फळमाशी स्पेन आणि इटलीत सापडली आणि लवकरच फ्रान्समध्ये पोचली. युरोपातल्या जुन्या चेरीमाशीची वर्षाला एकच पिढी होते. ही नवी माशी मात्र उन्हाळाभर पिढ्यांवर पिढ्या काढते. हिच्या जवळच्या जातीच्या इतर बहुतेक माश्या सडक्या फळावर बसतात, हिच्या मादीचा अंडी घालायचा अवयव करवतीसारखा दातेरी असतो. त्यामुळे झाडावरच्या, पिकत आलेल्या धडधाकट फळाची साल कापून ती आत अंडी घालते. वरून टवटवीत दिसणारी चेरी दाबली की पिचते, आत अळी असते.

बागायतदारांची भिस्त होती डायमेथोएट या कीटकनाशकावर, म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या ‘रोगर’वर. हे औषध आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरून पसरणारे असल्याने फळातल्या अळीपर्यंत पोचते. पर्यायी औषधे बहुतेक उडत्या माशीवरच चालतात, अळी एकदा आत शिरली की त्यांचा उपयोग नाही. पण आत पोचणारे औषध आतच अवशेष सोडते. डायमेथोएटपासून तयार होणाऱ्या ओमेथोएटबद्दल खाणाऱ्याच्या आरोग्याची शंका होती, ती दूर करणारी पुरेशी माहिती उत्पादकाकडून आली नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये फ्रान्सने परवाने मागे घेतले, हंगाम जेमतेम तीन महिन्यांवर असताना.

खाणाऱ्याच्या बाजूने हा निर्णय योग्यच होता. पण पर्याय हाती नसताना भार एकट्या बागायतदारावर टाकणे न्यायाचे नव्हते. म्हणूनच एप्रिल 2016 मध्ये फ्रान्सने बाहेरच्या चेरीवर घातलेल्या आयातबंदीचा नीट अर्थ लावायला हवा. तिला सरसकट संरक्षणवाद म्हटले गेले. प्रत्यक्षात जिथे चेरीच्या झाडांवर डायमेथोएट फवारायला परवानगी होती, त्याच देशांची चेरी अडवली गेली. निकष देशाच्या परवानगीचा होता, फळातल्या अवशेषाचा नव्हे. फवारणी न केलेल्या बागेतला मालही त्यामुळे अडकला, हा आक्षेप खरा आहे. तरीही प्रत्येक पेटी तपासण्यापेक्षा ही अट राबवायला सोपी होती. मोठी पळवाट दुसरीकडे होती : बंदी फक्त ताज्या चेरीला लागू होती. प्रक्रिया केलेली चेरी येतच राहिली आणि पाकवण्यासाठी माल पिकवणाऱ्याला काहीच आडोसा मिळाला नाही.

त्याच्याकडे जाळीचाही मार्ग नव्हता. बारीक छिद्रांची जाळी माशी रोखते, पण ती ठेंगण्या, रांगेतल्या, भाव मिळणाऱ्या ताज्या चेरीलाच परवडते. उतारावरची मोठी झाडे, यंत्राने हलवून पाडलेले फळ आणि कारखान्याचा पडेल भाव, यात तो खर्च बसत नाही.

ही आयातबंदी पुढे वर्षागणिक वाढवली गेली. 2019 मध्ये युरोपीय संघानेच डायमेथोएटची मान्यता संपवली. मग बागायतदार फॉस्मेट या दुसऱ्या कीटकनाशकाकडे वळले, 2022 मध्ये त्याचीही मान्यता गेली. मार्च 2023 मध्ये फ्रान्सने फॉस्मेटला परवानगी देणाऱ्या, संघाबाहेरच्या देशांची ताजी चेरी पुन्हा अडवली. दरम्यान, माशीच्या मूळ प्रदेशातली, तिच्या अळीवर वाढणारी परजीवी गांधीलमाशी इटलीने 2021 पासून सोडायला सुरुवात केली आहे.