उत्तम मेंढपाळ (गोव्यातील हस्तिदंती शिल्पप्रकार)

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात विशेषतः सतराव्या शतकात घडवला गेलेला, बाल येशूला मेंढपाळाच्या रूपात दाखवणारा हस्तिदंती मूर्तींचा प्रकार. पोर्तुगीजमध्ये त्यास ‘बॉम पास्तोर’ म्हणतात. ‘मी उत्तम मेंढपाळ आहे’ हे योहानाच्या शुभवर्तमानातील येशूचे वचन त्याच्या मुळाशी आहे. मात्र यूरोपीय परंपरेत हा मेंढपाळ बहुधा कोकरू खांद्यावर घेऊन उभा असलेला तरुण असतो, तर गोव्यात तो लहान मुलगा होऊन डोंगरमाथ्यावर पेंगत बसला आहे.

पायावर पाय टाकून बसलेल्या या मुलाच्या पापण्या मिटलेल्या असून गाल उजव्या हाताच्या बोटांवर टेकलेला असतो. अंगात लोकरीचा आखूड अंगरखा, कमरेला पाण्याचा भोपळा, एक कोकरू खांद्यावर, दुसरे मांडीवर. खाली टप्प्याटप्प्याने डोंगर उतरतो. त्यात कारंजे व त्यावर पाणी पिणारी पाखरे किंवा मेंढ्या कोरलेल्या असतात आणि अगदी तळाच्या गुहेत येशूची शिष्या मग्दालीया मरीया आडवी होऊन ग्रंथ वाचत असते.

ही बैठक चिंतनमग्न बुद्धमूर्तींवरून आली, असे अनेक अभ्यासक मानतात. पण तत्कालीन गोव्यात बौद्ध धर्म नांदता नव्हता हे ध्यानात घेता तो दुवा वाटतो तितका सरळ नाही. गुरे राखणारा बाळकृष्ण या कारागिरांना अधिक जवळचा असणार. शिवाय झोपेतही हृदय जागे असल्याची, बायबलमधील ‘गीतरत्न’ या काव्यग्रंथातील कल्पना ख्रिस्ती ध्यानपरंपरेला परिचित होतीच. गोव्यात 1567 साली भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती प्रतिमा बिगर-ख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली होती. तथापि बाप्तिस्मा घेतलेल्या कारागिराचा हातही पिढीजात देवमूर्ती घडवण्यातच तयार झालेला असल्याने, घडणीतले देशीपण अशा बंदीने पुसले जाणे कठीणच होते.

हस्तिदंत मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून, पोर्तुगीजांच्याच जहाजांतून येई. मूर्ती आणि डोंगर पुष्कळदा वेगवेगळ्या तुकड्यांत कोरून जोडत आणि मागे पानाफुलांच्या फांद्या खोवत. या नाजूक फांद्या बहुतेक नमुन्यांतून गळून गेल्या असून त्यांची भोके तेवढी दिसतात. जुने गोवे येथील सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयात तसेच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गोव्यातील हस्तिदंती शिल्पे जतन केलेली आहेत.