घड्याळ चुकलं म्हणून डेटाबेस फुटत नाही

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसलाय: व्हर्च्युअल मशीनचं (एका मोठ्या सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर, चालणाऱ्या आभासी संगणकाचं) घड्याळ मागे गेलं की डेटाबेस करप्ट होतो, म्हणजे त्यातली माहिती खराब होते. वीज गेली, मशीन उठलं, वेळ ४० मिनिटं मागे, टेबल उघडेना. खापर घड्याळावर!

पण पोस्टग्रेस हा डेटाबेस किंवा मायएसक्यूएलमधला माहिती साठवणारा भाग इनोडीबी, बदलांचा क्रम घड्याळावरून लावतच नाही. लॉगमधला (बदलांच्या नोंदवहीतला) प्रत्येक बदल चढत्या क्रमांकाने नोंदला जातो, आणि वीज गेल्यानंतरची सावरासावरही त्याच क्रमांकावरून होते. वेळ चुकली तर फार तर पिंपळगावच्या द्राक्षांची पावती गाडी येण्याआधीची दिसेल. लाजिरवाणं आहे, पण तो करप्शन नव्हे.

मग फुटतं कशाने? बहुतेकदा ज्याने घड्याळ बिघडलं, त्यानेच. वीज जाते तेव्हा डिस्कने 'लिहिलं' म्हणून सांगितलेलं कधी कधी प्रत्यक्षात कॅशमध्येच, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतच असतं, आणि ते पुसलं जातं. आमच्याकडे होस्टच्या रेड कार्डाची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची), वीज गेल्यावर ही कॅश टिकवणारी बॅटरी मेलेली निघाली; तोवर आठवडाभर आम्हीही घड्याळालाच शिव्या घालत होतो. चालू डेटाबेसच्या फायली सरळ कॉपी करून घेतलेला बॅकअप हा दुसरा गुन्हेगार.

कॅसॅन्ड्रा हा डेटाबेस मात्र वेगळा. तिथे एकाच नोंदीच्या दोन बदलांत मोठा टाइमस्टॅम्प (नंतरच्या वेळेचा शिक्का) जिंकतो, त्यामुळे पुढे धावणाऱ्या घड्याळाने लिहिलेली नोंद नंतरचा खरा बदल गुपचूप झाकून टाकते.

घड्याळ नीट हवंच. क्रोनीमध्ये (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) 'मेकस्टेप १.० ३' ही सेटिंग असेल, तर एका सेकंदाहून मोठी तफावत एका उडीत भरणं क्रोनी सुरू झाल्यावरच्या पहिल्या ३ अपडेटपुरतंच. सस्पेंड करून (बंद न करता गोठवून) पुन्हा चालू केलेल्या मशीनची तफावत मग हळूहळू भरते. होस्टचं टाइम सिंक आणि क्रोनी, दोन्हीपैकी एकच चालू ठेवा.