जपलेली गाडी आणि बनवलेली गाडी

‘मस्त बनवलीय गाडी!’ नाशकात जुनी मोटरसायकल कुठेही उभी करा, हे वाक्य ऐकू येतंच. गंगापूर रोडला चहाला थांबलात तरी आणि द्वारकेच्या सिग्नलला थांबलात तरी. बोलणारा कौतुकानेच बोलतो, पण त्या एका ‘बनवली’त तीन निरनिराळी कामं येतात. कुणी बुलेटचा मडगार्ड उडवून, हँडल खाली घेऊन कॅफे रेसर केलेली असते. कुणी जावा पार सुटी करून, पत्रा घासून, नवा रंग मारून शोरूममधून आत्ताच काढल्यासारखी उभी केलेली असते. आणि कुणी वेगळं काहीच केलेलं नसतं, वडिलांनी घेतली तशी ती फक्त चालू ठेवलेली असते.

पहिलं काम म्हणजे मॉडिफिकेशन, हे शेंबड्या पोरालाही कळतं. घोटाळा होतो तो पुढच्या दोघांत. नवा रंग मारलेल्या गाडीला लोक ‘ओरिजिनल’ म्हणतात, आणि जी खरोखर ओरिजिनल आहे तिच्या मालकाला विचारतात, ‘ही कधी बनवायला टाकणार?’

आमच्या घरी दोन गाड्या आहेत. बाबांची १९६९ ची जावा आणि मी २००९ मध्ये देवळाली कॅम्पातून घेतलेली १९८७ ची बुलेट. जावा जपली, बुलेट बनवली. दोन्ही केल्यामुळे यातला फरक मला हाताने कळलाय, म्हणून लिहितो.

जावा म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. मूळ घराणं चेकोस्लोव्हाकियाचं, पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती म्हैसुरात तयार होऊ लागली. १९७३ पासून हीच मंडळी येझदी या नावाने गाड्या काढू लागली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. स्पीडोमीटर हेडलाइटच्याच खोक्यात, आणि चावी म्हणजे एक जाड खिळा, तो दाबून आत घालायचा. डाव्या पायाशी एकच दांडा. आत दाबून वर फिरवला की किक, परत जागेवर आणला की गिअर. नव्या पोरांना हे दाखवलं की त्यांचा विश्वासच बसत नाही.

आमच्या जावाचा मरून रंग टाकीच्या माथ्यावर उन्हाने विटलाय. टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकायला रबर असतं. त्यातल्या डाव्या रबरावरची नक्षी झिजून गुळगुळीत झाली आहे, उजव्यावरची अजून बोटाला लागते. बाबा रोज या गाडीवर नाशिकरोडला नोटप्रेसमध्ये कामाला जायचे आणि डावा गुडघा टाकीला चिकटवून बसायची त्यांना सवय होती. पुढची नंबरप्लेट अजून काळी आहे, तिच्यावर पेंटरने ब्रशने काढलेले पांढरे आकडे आहेत. मागे मात्र नियमाप्रमाणे नवी बसवली आहे. ही गाडी सुटी करून रंगवायला घेतली तर चकाचक होईल यात शंका नाही, पण ते रबर बदललं जाईल, आणि गाडी कुणाची होती हे सांगणारी खूण भंगारात जाईल.

भांडी बाजारात जुनं पितळी पातेलं घेऊन गेलात तर दोन कामं सांगता येतात. कल्हई लावून द्या, नाहीतर पोचे काढून बफ मारून द्या. कल्हईने पातेलं पुन्हा चुलीवर चढतं, आत आंबट शिजवता येतं, आणि पातेलं होतं तेच राहतं. बफ मारल्यावर ते झळाळतं खरं, पण काठाजवळ ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आजीचं नाव दर खेपेला थोडं पुसट होत जातं. गाडी जपणं हे कल्हईचं काम आहे.

आणि कल्हई पुन्हा पुन्हा लावावी लागते. जपणं म्हणजे हात न लावणं, हा दुसरा गैरसमज. जावाचे टायर, ट्यूब, केबली, क्लच प्लेटा कितीदा बदलल्या याची मोजदाद नाही. सिलिंडर एकदा बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकला. झिजलेल्या सिलिंडरसाठी वरच्या मापाचे पिस्टन कंपनीच विकायची, तेव्हा तो बदल मी बदल धरतच नाही. अलीकडे त्रास सुरू झालाय तो वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा. जुनी रबरी नळी त्याने मऊ पडते, आणि गाडी महिना-महिना उभी राहिली की इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून नळी आणि वॉशर इथेनॉल सोसणारे घातले, आणि गाडी उभी ठेवायची असली की पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल जळून संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतो. क्रोमवरचा वरवरचा गंज जेवण गुंडाळायच्या चांदीच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला की निघतो. रंगाला फक्त मेण. रबिंग कंपाउंड मात्र जुन्या रंगाला चुकूनही लावू नका. त्याने रंग उजळत नाही, सोलला जातो. पन्नास वर्षांच्या रंगाचा थर आधीच पातळ असतो, कडांवर तर दोन-चार वेळा घासलं की खालचा प्रायमर दिसायला लागतो.

आता बुलेट. बनवलेल्या गाडीबद्दल मला तुच्छता नाही, उलट त्या कामाचंही स्वतःचं घराणं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पोरांनी मडगार्ड छाटून, वजन उतरवून बॉबर केल्या. १९५० आणि ६० च्या दशकांत इंग्लंडमध्ये एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या पोरांनी हँडल खाली आणि फुटरेस्ट मागे नेऊन कॅफे रेसर केल्या. ही हौस इतकी पसरली की खुद्द रॉयल एनफिल्डने १९६० च्या दशकात २५० सीसीची काँटिनेंटल जीटी त्याच ढंगात कारखान्यातूनच काढली. चांगल्या बनवलेल्या गाडीत करणाऱ्याचं डोकं दिसतं. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. फुटरेस्ट वीतभर मागे न्यायचे तर दोन्हीकडचे दांडे नव्याने जुळवावे लागतात, आणि गिअर उलटा पडू नये म्हणून सांध्याची दिशा सांभाळावी लागते. सातपूरच्या एका टर्नरने ते सांधे मला इतके नेटके करून दिले की अजून काढून बघावेसे वाटतात.

हे २०१३ मधलं. तेव्हा मी एक गोष्ट हट्टाने केली. चेसिसला ग्राइंडर लावू दिला नाही. मिस्त्रीचं म्हणणं होतं, चेसिसचा सीटखालचा मागचा लूप कापल्याशिवाय सीट नीट बसणार नाही. मी म्हटलं, दोन इंच उंच बसू दे. जे बदललं ते सगळं बोल्टवर. मूळचं हँडल, मडगार्ड, सीट, सायलेन्सर गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवले, नट-बोल्टची पुडी करून तिच्यावर जागा लिहून ठेवल्या.

त्याचा उपयोग २०१९ मध्ये झाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधीपासून होतंच, पण त्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. बदल करणाऱ्या मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मला चोरून गाडी चालवायची नव्हती. एका रविवारी माळ्यावरचं गोणपाट उतरवलं आणि संध्याकाळपर्यंत बुलेट पुन्हा बुलेट झाली. चेसिस कापली असती तर हे शक्यच नव्हतं. म्हणून कुणी विचारलं की गाडी बनवू का, तर मी एवढंच विचारतो, बदल पान्याने होणार की ग्राइंडरने?

कायदा जपलेल्या गाडीकडे वेगळ्या नजरेने बघतो. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली दुचाकी त्यात बसते. जुना नंबर तसाच राखता येतो, नोंदणी दहा वर्षांची. आमची जावा त्यात बसते, तरी मी तो मार्ग घेतला नाही. विंटेज नोंदणीची गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. मला त्या गाडीवर त्र्यंबकला जायचं असतं, सकाळी भाजी आणायची असते. म्हणून पेठ रोडच्या आरटीओत दर पाच वर्षांनी नेहमीसारखं नूतनीकरण करतो.

रात्री त्र्यंबक रस्त्याला सहा व्होल्टचा दिवा समईसारखा वाटायचा, म्हणून जावाला बारा व्होल्टचा संच आणि ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंय. कडक मंडळी याला ओरिजिनल म्हणणार नाहीत. मला ते चालतं, कारण पॉइंटची जुनी प्लेट डब्यात आहे आणि ती परत बसवायला अर्धा तास पुरतो.

जे परत बसवता आलं नाही ते बुलेटवरच आहे, आणि त्याचा मॉडिफिकेशनशी काही संबंध नाही. एनफिल्डच्या मद्रासच्या कारखान्यात टाकीवरच्या सोनेरी रेघा कारागीर ब्रशने, हाताने ओढायचे. माझ्या टाकीवरची उजवीकडची रेघ पुढच्या वळणावर जरा जाड होती, जिथे ब्रश टेकला होता तिथे. मागे जाताना ती केसासारखी बारीक होत जायची. २०१९ मध्ये सगळं मूळचं परत चढवल्यावर पुढच्या मडगार्डवर ओरखडे दिसले, तेवढाच रंगवायला मी गाडी एका पेंटरकडे सोडली. दोन दिवसांनी गेलो तर टाकीही पत्र्यापर्यंत घासून, नव्याने काळी करून ठेवलेली. ‘म्हटलं, ओरिजिनल करताय तर सगळीच एकसारखी दिसू दे,’ तो म्हणाला. त्याने जास्तीचे पैसेही मागितले नाहीत. त्याने मनापासून केलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, म्हणून मी काही बोललो नाही.

आता टाकीवरच्या रेघा स्टिकरच्या आहेत. दोन्ही बाजूंना अगदी एकसारख्या.