हाडे मऊ करणारी मणक्यातील गाठ : एका निदानाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात कुणाची कंबर धरली की 'मणक्यात गॅप आहे' हे निदान घरातच होऊन जाते. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्या माणसाची हाडे मऊ पडतील, ही शंका तर कुणाच्या मनाला शिवतही नाही. तरीही एका अत्यंत दुर्मीळ आजारात नेमके तेच घडते. शरीरात कुठेतरी, क्वचित मणक्यात, एक लहानशी गाठ वाढते आणि तिच्यामुळे रक्तातला फॉस्फरस लघवीवाटे वाहून जातो; मग कितीही दूध प्यायले तरी हाडांना तो पुरत नाही. मुलांना होणाऱ्या मुडदुसाचाच हा मोठेपणीचा प्रकार असून त्याला अस्थिमृदुता म्हणतात. उतारवयात हाडे ठिसूळ होतात, तो आजार वेगळा.

गाठीचा आणि हाडांचा संबंध उमगायला फार काळ लागला. ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकॅन्स यांनी १९४७ मध्ये एका रुग्ण मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. वयाच्या १५ व्या वर्षाच्या सुमारास तिचे दुखणे सुरू झाले होते आणि मांडीच्या हाडातील गाठ काढल्यावर ती बरी झाली. पण तिचे शरीर ड जीवनसत्त्वाला दाद देत नाही, हेच मूळ कारण असल्याचे मॅकॅन्स मानत राहिले. पुढे १९५९ मध्ये स्विस बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्रेडर यांनी, बरगडीतील गाठ काढल्यावर मुडदूस बरा झालेल्या एका मुलीची नोंद करताना, ती गाठच काही द्रव्य सोडत असावी, असा तर्क मांडला. ते द्रव्य हाती लागायला आणखी ४० वर्षे गेली. फॉस्फरस गमावण्याच्या एका आनुवंशिक आजाराचा शोध घेताना २००० मध्ये एफजीएफ-२३ हे संप्रेरक समोर आले आणि २००१ मध्ये जपानी संशोधकांनी तेच या गाठींत दाखवून दिले. हे संप्रेरक मूत्रपिंडाला फॉस्फरस राखू देत नाही आणि ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूपही तयार होऊ देत नाही.

इतके कळूनही निदान वर्षानुवर्षे लांबते, आणि ही गोष्ट मला अस्वस्थ करते. गोठ्यात धार काढायला बसलेली बाई उठताना गुडघ्यांवर हात दाबून उठू लागते, जिना चढताना कठड्याला लोंबकळते, तिची चाल डुलती होते. घरचे त्याला वात म्हणतात. तपासण्यांची फाईल जाड होत जाते. तिच्यात कॅल्शियम बहुधा ठीक असते, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांच्या बिघाडात रक्तात वाढणारे एक विकर) वाढलेले असते आणि फॉस्फरसची तपासणी कित्येकदा केलेलीच नसते. त्यातून मऊ झालेले मणके दबून पाठ दुखतेच, त्यामुळे गाठ मणक्यातच असली तरी तिच्याकडे लक्ष जायला आणखी उशीर होतो.

अशा गाठी बहुतेक करून पायांत किंवा चेहऱ्याच्या पोकळ्यांत सापडतात. त्या शोधण्यासाठी आता गॅलियम या किरणोत्सारी द्रव्याचा पेट-सीटी स्कॅन डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत करतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अंतःस्रावतज्ज्ञांनीही अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे.

गाठ पूर्ण काढली तर फॉस्फरस काही दिवसांतच पूर्वपदावर येतो. हाडे भरून यायला मात्र महिने लागतात. मणक्यात शेजारीच मज्जारज्जू असल्याने तिथली गाठ मुळासकट काढणे कठीण जाते आणि काही अंश उरलाच तर आजार उलटतो. अशा वेळी फॉस्फेट व कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप) देतात, किंवा एफजीएफ-२३ ला अडवणारे बुरोसुमॅब हे इंजेक्शन, ज्याला अमेरिकेत या आजारासाठी २०२० मध्ये मान्यता मिळाली.