डॅशबोर्डच्या आधी पॅनलचं दार उघडा

कारखान्यात ॲनालिटिक्स, म्हणजे मशीनच्या डेटातून हिशोब काढणारं सॉफ्टवेअर, बसवायचं ठरलं की पहिल्या मीटिंगमध्ये सगळे डॅशबोर्डच्या रंगांवर बोलतात, आणि काम अडतं ते पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टीपाशी. 1968 मध्ये जनरल मोटर्सला दर नव्या मॉडेलला रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचांची) पॅनलं पुन्हा वायरिंग करायचा वैताग आला होता, त्यांनी पर्याय मागितला आणि त्यातून डिक मॉर्ली आणि मंडळींचा मोडिकॉन 084 हा पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, आला. पण तो मशीन चालवायला होता, हिशोब सांगायला नाही! 1979 ला मोडिकॉन कंपनीनेच मॉडबस ही पीएलसीशी बोलायची भाषा काढली, आजही कितीतरी कारखान्यांत तीच चालते, आणि त्यात येतो नुसता आकडा. रजिस्टर 40012 मध्ये 873. आता हे तापमान आहे की प्रेशर, दशांशाचा पॉइंट कुठे द्यायचा, ते पॅनल बनवणाऱ्याच्या डोक्यात, नाहीतर दाराच्या आत चिकटवलेल्या पिवळ्या कागदावर.

डेटा साठवायची सवय मात्र रिफायनरीवाल्यांना आधीपासून, त्यासाठीचं सॉफ्टवेअर बनवणारी ओएसआयसॉफ्ट कंपनी 1980 ची. सुट्या पार्टच्या कारखान्यांचं तसं नव्हतं, तिथे दहा कंपन्यांची दहा मशीनं आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. 1996 ला ओपीसी, म्हणजे सगळ्यांसाठी एकच भाषा ठरवणारं स्टँडर्ड, आलं, पण ते विंडोजच्या डीकॉमवर (दोन कॉम्प्युटरांवरचे प्रोग्राम जोडायची सोय), त्याच्या परमिशन लावताना ज्याचे शनिवार गेलेत त्यालाच कळेल. विंडोजची अट 2008 च्या ओपीसी यूए या पुढच्या स्टँडर्डने काढली.

ओईई, म्हणजे मशीन खरंच किती कामी आलं त्याचा टक्का, तोसुद्धा सॉफ्टवेअरवाल्यांचा नाही बरं का, तो जपानच्या सेइची नाकाजिमांच्या टीपीएम या मशीन-देखभालीच्या पद्धतीतला, कागद-पेनाने काढायचे. मग 2011 ला हॅनोव्हरच्या जत्रेत इंडस्ट्री 4.0 हा मशीनं नेटवर्कने जोडलेल्या कारखान्यासाठीचा शब्द आला, 2015 ला आपल्या चाकणला जीईचा डेटावर चालणारा कारखाना सुरू झाला, आणि मग प्रत्येक मालकाला असलंच काहीतरी हवं झालं.

म्हणून मी प्लॅनमध्ये पहिले दोन आठवडे फक्त पॅनलं उघडायला आणि पीएलसीची घड्याळं जुळवायला मागतो, मालक नाक मुरडतात, मुरडू देत. एका ठिकाणी पायलटच्या (छोट्या चाचणीच्या) पहिल्या महिन्यात लाइन बंद पडल्याचं कारण स्क्रीनवर जवळजवळ प्रत्येक वेळी 'इतर', कारण ऑपरेटरला ग्लोव्हज काढून चोवीस बटणांत शोधत बसायला वेळ नव्हता. शेजारीच शिफ्टचं रजिस्टर पडलेलं, त्यात निळ्या पेनाने लिहिलेलं, 'इन्सर्ट तुटला, स्टोअरला नाही, 40 मि.' (इन्सर्ट म्हणजे धातू कापणाऱ्या टूलचं बदलता येणारं टोक.) शेवटी त्या रजिस्टरातूनच सहा कारणं काढली आणि तेवढीच सहा मोठी बटणं ठेवली.